न्यूयॉर्क-मुंबई पंधरा तास. आणि तिथून उदगीर?

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण वाचा. विशेषतः ज्यांची लेकरं बाहेर आहेत त्यांनी. अमेरिकेतच असली पाहिजेत असं नाही, पुण्यात असली तरी.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट आहे. घरच्यांना विचारूनच लिहितोय, नावं मात्र लिहीत नाही. आमच्या गल्लीत एक गुरुजी होते. मला सातवीला भूगोल शिकवलेला. मंगळवारी पहाटे चारला ते गेले. साडेचारला काकूंनी दार वाजवलं. मी गेलो तेव्हा गुरुजींच्या मुलाला फोन लागलेला होता. तो न्यू जर्सीत असतो. तिकडे अजून सोमवारच होता, संध्याकाळचे सहा वाजत आलेले. तो एवढंच म्हणाला, "दादा, थांबवा. मी येतोय."

आता गावात अशा वेळी पहिला प्रश्न काय असतो, तुम्हाला माहीत आहे. "मुलगा किती वाजता येतोय?" त्या एका उत्तरावर सगळं ठरतं. सरण कधी रचायचं, निलंग्याच्या ताईला निरोप काय द्यायचा, पाहुणे कधी निघतील, शीतपेटी लागेल का नाही. आणि हा प्रश्न मलाच विचारला गेला, कारण मी पत्रकार. "तुला कळतंय, तू बघून सांग."

मी मोबाईल काढला. न्यूयॉर्क ते मुंबई. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. वेळ पंधरा तास. मी तिथंच उभ्या उभ्या हिशोब केला आणि सांगून टाकलं: "आज रात्री मुंबई. उद्या सकाळी दहापर्यंत घरी." बुधवारी सकाळी अकराला अंत्यविधी ठरला. अर्ध्या तासात निरोप सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. त्यातल्या दोन ग्रुपवर तो मीच टाकला.

मुलगा घरी पोचला गुरुवारी पहाटे चारला. गुरुजी गेल्यापासून बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी. तोवर सगळं उरकलं होतं. बुधवारी संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, ताईंनी अग्नी दिला होता. मुलाच्या वाट्याला सावडणं आलं.

तेव्हापासून हा पंधरा तासांचा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. तो खोटा नव्हता, पण आमच्या काही कामाचाही नव्हता. आज तेच लिहायचंय.

आधी त्या आकड्याचं बघू.

साडेबारा हजार किलोमीटर हे अंतर पृथ्वीच्या गोळ्यावर मोजलेलं आहे, नकाशावर पट्टी ठेवून नाही. हे मला गुरुजींनीच शिकवलं होतं. वर्गातला गोल टेबलावर ठेवायचे, दोरा घ्यायचे, एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणायचे. आम्हाला वाटायचं दोरा अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असा सरळ पश्चिमेला जाईल. तो जायचा वर. सिंध, अफगाणिस्तान, मग मॉस्कोजवळून फिनलंड, आइसलंडजवळून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी आणि कॅनडावरून खाली न्यूयॉर्क. "कागदावरची सरळ रेघ वेगळी आणि गोळ्यावरची वेगळी," असं ते म्हणायचे. मोबाईल जो आकडा दाखवतो तो त्या दोऱ्याचा असतो.

पण विमान त्या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. आकाशालाही शिवार आणि बांध असतात. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून अमेरिकी विमान कंपन्या रशियावरून जात नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. त्याआधी २०१९ लाही काही महिने केलं होतं. दोरा जातो त्याच दोन देशांवरून. म्हणजे वळसा आला. वळसा आला की इंधन आलं आणि तासही आले.

दुसरं म्हणजे वारं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराच्या वाऱ्याचे पट्टे वाहतात. अमेरिकेहून इकडे येताना हे वारं विमानाच्या पाठीशी असतं आणि तिकडे जाताना तोंडावर. त्यामुळे एकाच दोन शहरांमध्ये येताना साधारण पंधरा तास लागत असतील, तर जाताना तास-दीड तास जास्त धरावा लागतो. हिवाळ्यात हे वारं आणखी जोरात असतं.

तिसरं घड्याळ. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, त्यांच्या उन्हाळ्यात साडेनऊ. तिथून मंगळवारी दुपारी बाराला निघालेलं विमान पंधरा तास उडून मुंबईत उतरतं ते बुधवारी दुपारी दीडला. आमचे एक काका त्या दिवशी तीनदा म्हणाले, "मंगळवारी निघाला म्हणतोस आणि बुधवारी दुपारी उतरणार, मग पंधरा तास कसे?" त्यांचं गणित चुकत होतं, पण शंका बरोबर होती. वाट बघणारा माणूस आपल्या भिंतीवरच्या घड्याळानेच वाट बघतो.

हे सगळं मला माहीत होतं. डिप्लोमा केलाय, वीस वर्षं बातम्या लिहितोय. तरी मी चुकलो. कुठं चुकलो ते आता सांगतो.

पहिली चूक. पंधरा तास हे विमान सुटल्यापासूनचे असतात. मी ते फोन ठेवल्यापासून मोजले. त्या रात्रीच्या थेट विमानात त्याला जागा मिळाली नाही. मिळाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या विमानात. म्हणजे तिकडे बातमी कळल्यापासून विमान सुटेपर्यंतच अठरा तास गेले, विमान हवेत असतं त्यापेक्षा जास्त. हे मला कळलं मंगळवारी सकाळी आठला. तोवर "बुधवारी अकरा" हा निरोप देवणीपासून निलंग्यापर्यंत पोचला होता.

दुसरी चूक. मी मुंबईला पोचणं म्हणजे घरी पोचणं धरलं. त्याचा खरा प्रवास लिहून काढतो. घरातून निघाला ते विमान सुटेपर्यंत चार तास. विमानात पंधरा तास. उतरल्यावर पासपोर्टची रांग, बॅग, गाडी शोधणं, दीड तास. आणि मुंबई विमानतळ ते उदगीर, तेरा तास. दुपारी तीनला निघालेली गाडी पनवेल, घाट, पुणे, सोलापूर, तुळजापूर, लातूर करत पहाटे चारला गल्लीत आली. एकूण साडेतेहतीस तास.

आता नीट बघा. साडेबारा हजार किलोमीटरला पंधरा तास, म्हणजे ताशी आठशेच्या वर. शेवटच्या साडेपाचशे-पावणेसहाशे किलोमीटरला तेरा तास, म्हणजे ताशी पंचेचाळीससुद्धा नाही. एकूण वाटेतल्या शंभर किलोमीटरमागे जेमतेम साडेचार किलोमीटर आपल्या बाजूचे, आणि त्यासाठी विमानाइतकाच वेळ. न्यूयॉर्क लांब नव्हतं हो. मुंबईच लांब होती.

ताईंनी अग्नी दिला त्या वेळी, बुधवारी पाचला, तो घाटाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये उभा होता. महाराष्ट्रात होता आणि व्हिडिओ कॉलवर बघत होता. रेंज जात होती.

तिसरी चूक सगळ्यात मोठी आहे आणि ती लिहायला मला जड जातंय. मंगळवारी पहाटे त्याने मला विचारलं होतं, "दादा, मुंबईचंच बघू ना?" मी म्हटलं, "हो, थेट मुंबई घे. मधे उतरायची भानगड नको."

आम्ही दोघांनीही हैदराबाद बघितलंच नाही.

उदगीरहून हैदराबादचं शमशाबाद विमानतळ सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. बिदर, जहिराबाद, पुढे हमरस्ता आणि शहराच्या बाहेरून रिंग रोड. पाच तास. न्यूयॉर्कहून आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलून हैदराबादला यायला मधल्या थांब्यासकट वीस तासांच्या आसपास लागतात. कागदावर पंधरा आणि वीस, म्हणून थेट विमान पाच तासांनी जवळचं दिसतं. पण घराच्या दारापर्यंत धरा. पंधरा अधिक तेरा अठ्ठावीस. वीस अधिक पाच पंचवीस. लांबचं दिसत होतं तेच जवळचं होतं. आणि अशी विमानं रात्री उशिराही सुटतात. सोमवारी रात्री अकराचं एखादं मिळालं असतं तर तो आपल्या बुधवारी पहाटे हैदराबादला उतरून दुपारी बाराच्या आत घरी असता. बाप घरात असताना. त्या रात्री त्यात जागा होती का, हे कुणी बघितलंच नाही. मी मुंबई म्हटलं आणि तो विषय तिथंच संपला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

आणि यातलं खरं दुखणं असं की हेही गुरुजींनी शिकवलेलं होतं. सातवीत त्यांनी विचारलं होतं, "उदगीरहून पुणं जवळ का हैदराबाद?" आख्खा वर्ग ओरडला, "पुणं!" कारण पुणं आपल्या राज्यात. त्यांनी पट्टी लावून दाखवली. पुण्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर हैदराबाद. मग म्हणाले, तुमच्या आज्याला विचारा, त्याला पट्टी लागणार नाही. खरंच होतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १९५६ पर्यंत उदगीर बिदर जिल्ह्यात होतं. माझा आजा बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला हैदराबादलाच जायचा. राज्याची हद्द बदलली तशी आपल्या डोक्यातली दिशाही बदलली. रस्ता होता तिथंच आहे. आपण बघायचं सोडलं.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत विमानतळ येतो. लातूरला धावपट्टी आहे. तिच्यावर नियमित प्रवासी विमान कधी, यावर मी स्वतः किती बातम्या लिहिल्या ते मोजलेलं नाही. नांदेडचं बघा. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेतली जी पहिली विमानं सुटली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. केवढा आनंद झाला होता. पुढे ती सेवा बंद पडली. नंतर पुन्हा दुसरी सुरू झाली. चालू, बंद, चालू. पत्रकार म्हणून आम्हीही पहिल्या विमानाचा फोटो पहिल्या पानावर छापतो आणि शेवटच्या विमानाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत.

माझा विमानतळाला विरोध नाही. लिहून ठेवा, नाहीतर कमेंटमध्ये मला विकासविरोधी ठरवाल. माझं म्हणणं एवढंच की धावपट्टी म्हणजे जोडणी नव्हे. समजा लातूरहून मुंबईला रोज सकाळी एक विमान असतं. आमचा मुलगा दुपारी दीडला मुंबईत उतरला. त्याला ते विमान दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं असतं. म्हणजे गाडीने आला त्यापेक्षाही उशिरा. रेल्वेचं तेच. लातूरची गाडी मुंबईहून रात्री सुटते, आणि उदगीर-बिदरपर्यंत येणारी गाडी रोज नाही. सकाळी मुंबईत उतरलेल्या माणसाने दिवसभर काय करायचं? बॅगा घेऊन स्टेशनवर बसायचं?

म्हणून पुढाऱ्यांना विचारायचा प्रश्न बदला. "विमानतळ कधी?" असं विचारलं की भूमिपूजनाची तारीख मिळते. "बाहेरून आलेल्या माणसाला उतरल्यापासून किती तासांत घरी पोचवता?" असं विचारा. त्याला तारीख देऊन भागत नाही, वेळापत्रक द्यावं लागतं.

इतिहास बघितला तर हे जास्त खटकतं. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं पहिलं मुंबई-लंडन विमान कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. १९६० मध्ये लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. २००७ मध्ये मुंबई-न्यूयॉर्क न थांबता जाणारं विमान आलं. साठ वर्षांत मधलं अंतर असं आटत गेलं. तिकडे अभियंते बसले, कंपन्या बसल्या, देशादेशांचे करार झाले, एकेका तासासाठी झगडले. आणि आपल्या टोकाला? रस्ते सुधारले, खोटं कशाला बोलू. पण रात्री नऊनंतर उदगीरला कसं पोचायचं, याचं उत्तर आजही बहुतेक वेळा एकच आहे. ओळखीतला ड्रायव्हर.

काहीजण म्हणतील, अमेरिकेत जाणारी घरं किती? पाच-पन्नास. त्यांच्यासाठी सरकारने का डोकं शिणवावं? ज्यांना लाखाची तिकिटं परवडतात त्यांना टॅक्सी परवडत नाही का?

प्रश्न रास्त आहे. पण हा रस्ता फक्त त्यांचा आहे का? पुण्यात कंपनीत बारा तास उभं राहणारी पोरं याच रस्त्याने येतात. आखातात मजुरीला गेलेले येतात. सीमेवरचा जवान येतो, त्याची रजा चार दिवसांची असते आणि दोन दिवस वाटेत जातात. पेशंट हैदराबादला न्यायचा असेल तर तो याच बिदरच्या रस्त्याने जातो. अमेरिकेहून आलेल्याला निदान टॅक्सी करता येते. पुण्याहून येणाऱ्या पोराला रात्रीच्या ट्रॅव्हल्सला दिवाळीत काय भाव द्यावा लागतो ते त्याला विचारा. जोडणी सुधारली तर सगळ्यात जास्त फायदा टॅक्सी न परवडणाऱ्याचा आहे.

मग मागायचं काय? मला चार गोष्टी सुचतात. तुम्ही भर घाला.

एक. उदगीरहून शमशाबाद विमानतळापर्यंत थेट एसटी. दिवसाला दोन फेऱ्या पुरे, पण वेळ विमानं बघून ठरवा. परदेशातली बरीच विमानं रात्री-पहाटे उतरतात. पहाटे सहा-सातला तिथून निघणारी एक गाडी असेल तर माणूस जेवायच्या वेळेला घरी येतो. बस दुसऱ्या राज्यात जाणार म्हणून परवानगीचा प्रश्न येईल, पण एसटी परराज्यात जातच नाही असं थोडंच आहे?

दोन. उदगीरमार्गे मुंबईची रेल्वे रोज. ही मागणी जुनी आहे. पण लातूर विरुद्ध उदगीर विरुद्ध बिदर असं भांडत बसलो तर गाडी कुणालाच पुरी मिळत नाही. एकत्र मागूया.

तीन. प्रत्येक तालुक्यात शीतपेट्यांची यादी. त्या मंगळवारी शीतपेटी मिळवायला आम्ही दोन तास फोन करत होतो. शेवटी लातूरहून आणली, आणि ती बुधवारी संध्याकाळी दुसरीकडे द्यायची होती. पाच वाजता अंत्यविधी उरकण्याचं हेही एक कारण होतं. कुणाला दोष देत नाही, ज्यांनी दिली त्यांचे उपकारच आहेत. पण पेट्या कुठं आहेत, किती आहेत, फोन कुणाला करायचा, एवढा एक कागद नगरपालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला निधी लागत नाही. शक्य असेल तर गणेश मंडळांनी यंदा देखाव्यातले थोडे पैसे काढून एकेक पेटी घ्यावी. लोकं नाव काढतील.

चार. ही मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी घरात एक कागद करून ठेवा. मुलगा किंवा मुलगी कुठल्या विमानतळावर उतरली तर घरी लवकर पोचते? मुंबई, पुणे, हैदराबाद, तिन्हीचा दारापर्यंतचा हिशोब. घ्यायला कोण जाणार, त्याचा फोन नंबर. पासपोर्टची मुदत कधीपर्यंत आहे. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर भारतात यायची कागदपत्रं हाताशी आहेत का. अशुभ बोलतोय असं वाटेल. आमच्या काकूंनाही पूर्वी वाटायचं. पण असल्या दिवशी कुणाचंच डोकं चालत नाही. माझं चाललं नाही, आणि गेलेला माणूस माझ्या घरातला नव्हता.

आणखी एक सांगतो, हे थोडं कडू आहे. बुधवारी सकाळी अकराला लोक जमले. वाढवणा, हेर, देवणी, कुठून कुठून आले होते. वेळ पुढे गेल्याचा दुसरा निरोप सगळ्यांपर्यंत पोचला नव्हता. पहिला निरोप लवकर पसरतो, दुरुस्तीचा पसरत नाही. हे तर मला धंद्यातून माहीत असायला हवं होतं. अंगणात कुजबुज सुरू झाली. "एवढं शिकवलं आणि शेवटी पोरगा वेळेवर नाही." मी तिथंच होतो. मला माहीत होतं की वेळ त्याने दिलीच नव्हती, मी दिली होती. पण मी त्या वेळी गप्प बसलो. ते आज इथं बोलतोय. त्याने फोन ठेवल्यापासून एक मिनिट वाया घालवलं नव्हतं. उशीर झाला तो माझ्या हिशोबामुळे आणि त्या तेरा तासांमुळे.

म्हणून विनंती. मुलगा विमानात बसल्याचा फोन येईपर्यंत अंत्यविधीची वेळ कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. आणि उशिरा आलेल्या लेकराला टोमणा मारण्याआधी त्याचा रस्ता मोजा.

ताईंनी अग्नी दिला यावरही एक-दोघांनी तोंड वाकडं केलं. त्यांना काय सांगायचं? निलंग्याहून ती मंगळवारी सकाळी नऊलाच आली होती. जी जवळ होती तिने केलं. यात कमीपणा कसला?

गुरुवारी पहाटे मुलगा आला तेव्हा आम्ही चारपाचजण बाहेर शेकोटीला बसलो होतो. तो आधी आत गेला, काकूंपाशी. अर्ध्या तासाने बाहेर येऊन माझ्याजवळ बसला. मी म्हटलं, "माझं चुकलं रे." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, दरवर्षी येताना माझा एक मित्र हैदराबादलाच उतरतो. बिदरचा आहे. मला माहीत होतं. पण त्या वेळी सुचलंच नाही." माझ्यावरचं ओझं थोडं त्याने स्वतःकडे घेतलं, एवढंच. बापाचाच स्वभाव.

तेराव्यानंतर तो गेला तो हैदराबादहून. सोडायला मीच गेलो होतो. घरून सकाळी सहाला निघालो, बिदरला चहा घेतला, अकराच्या आत विमानतळावर होतो. येताना एकटाच होतो. बिदरच्या अलीकडे-पलीकडे रस्ता बघत होतो आणि मनात तोच हिशोब चालू होता.

एवढंच सांगायचं होतं. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर भांडा. एसटीच्या मागणीचं निवेदन तयार करतोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत सांगा.

आणि ज्यांची लेकरं बाहेर आहेत, त्यांनी आज रात्री फोन कराल तेव्हा जेवलास का विचारून झाल्यावर एक प्रश्न जास्तीचा विचारा. "अडचण आली तर तू उतरशील कुठं?"